चुकवू नये असा सिनेमा

खरं सांगायची लाज वाटली, म्हणून ऑपरेटरने सिनेमाचं कौतुक केलं आणि तिथेच सगळं फिसकटलं.

खरं असं होतं, की थिएटरच्या मालकाने त्याला बोलावून सांगितलं होतं, "लोक आता घरात लोळत सिनेमे बघतात रे. शुक्रवारी नवा लागतोय. पहिल्या खेळाला दहा डोकी आली तर बघू. नाहीतर कुलूप." आता उभी हयात प्रोजेक्टरशेजारी काढलेल्या माणसाने "माझी नोकरी वाचवायला या हो" म्हणत बिल्डिंगभर फिरायचं का? (फिरायला हवं होतं. पण त्याला ताठा होता. पगारापेक्षा बराच जास्त.)

म्हणून जिन्यात भेटेल त्याला तो सांगत सुटला, "शुक्रवारी तीनला. काही झालं तरी चुकवू नका!" सिनेमा त्याने पाहिलाच नव्हता. नायिका जगते की मरते, हेही ठाऊक नव्हतं. त्याने सांगताना ती सरळ मारून टाकली. शेजारच्या काकूंनी तिथेच, दुधाची पिशवी हातात धरून डोळे पुसले.

शुक्रवारी तीनला त्याने केबिनच्या खिडकीतून खाली पाहिलं. खुर्च्याच खुर्च्या. एक जण होता, पण तो पंख्याखाली झोपायला आलेला. मालक दारात हाताची घडी घालून उभा. ऑपरेटरने घरी फोन लावला.

"अगं, निघालात का?"

"कुठे? सगळे इथेच तर जमलेत. काकू, खालचे आजोबा, वरची सगळी मंडळी."

"इथे म्हणजे?"

"आपल्या घरी! अहो, तो सिनेमा आजच टीव्हीवरही आलाय. लेकीने लावून दिला. म्हटलं, तुम्हालाही तेवढाच आराम."

"अगं, पण..."

"तुम्हीच म्हणालात ना, चुकवू नका? मग? कुठे चुकवतोय?"

मागून काकूंचं "श्श!" ऐकू आलं. अजूनही खरं सांगता आलं असतं. त्याने घसा खाकरला.

"बरं," तो म्हणाला. "बघा सावकाश."

मालकाने झोपलेल्या माणसाला हलवून उठवलं. ऑपरेटरने प्रोजेक्टरवर कापड टाकलं, चारही कोपरे नीट ओढून घेतले, आणि तो मागच्या जिन्याने खाली आला. तोवर पुढच्या दाराला कुलूप लागलं होतं.

घरी दाराबाहेर चपलांचा ढीग. आत अंधार. त्याच्या खुर्चीत आजोबा. "समोरून सरका हो," कोणीतरी म्हणालं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. पडद्यावर नायिका ठणठणीत होती, चांगली नाचत होती. काकूंनी अंधारातही त्याच्याकडे रागाने पाहिलं.

सिनेमा संपला, दिवे लागले. काकूंनी नाक पुसलं.

"मेली नाही हो ती! पण काय सुंदर सिनेमा! असला सिनेमा खरं म्हणजे थिएटरातच बघायला हवा."

"थिएटर आज बंद झालं," ऑपरेटर म्हणाला. शेवटी एकदाचं.

बायको हातातला रिमोट तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिली.

"आजच?" काकूंनी छातीवर हात ठेवला. "बाई गं! मग बरं झालं, तिकडे गेलो नाही. उगाच हेलपाटा पडला असता!"