समुद्राला दात आले

"मासा फसवायला अक्कल लागत नाही, विहीणबाई! हात लागतो, हात!" असं म्हणत कवळीकाकांनी उजवा हात टेबलावरून असा काही फिरवला, की मासा राहिला बाजूला, चहाचा कपच फसला. खाली पडला आणि फुटला.

आता हा हात साधासुधा नव्हता बरं का! चाळीस वर्षं या हाताने कवळ्या घडवल्या. घरामागच्या खोलीत फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. नवा माणूस आत शिरला की त्याला वाटायचं, सभा भरलीय आणि सगळे आपल्यालाच हसतायत! काकांच्या कवळीने एका आजोबांनी म्हणे कुलूप उघडलं होतं. किल्ली हरवली, बिचारे काय करणार!

पण आता डोळे थकले होते. काका काम आवरणार होते. एकच कवळी करायची राहिली होती, ती विहीणबाईंची, म्हणजे लेकीच्या सासूबाईंची. त्यांच्या तोंडात चारच दात उरलेले, तेही भाऊबंदकी झाल्यासारखे चार दिशांना तोंडं करून बसलेले. त्यामुळे बाई हसल्या की हात तोंडावर! सहा वर्षांत त्यांचं हसू कुणी पाहिलं नव्हतं. नुसतं ऐकायचं. पण माप द्यायला काही केल्या तयार नाहीत.

"चारचौघांत पडते म्हणे कवळी," त्या हाताआडून म्हणाल्या.

"पडते? माझी?" काकांनी वरच्या दातांवर टकटक केलं. "अकरा वर्षं झाली! शिंकलो, घोरलो, हिच्याशी भांडलो, तसूभर हलली नाही!"

"घोरण्याला मी साक्षीदार आहे," काकू कपाचे तुकडे गोळा करत म्हणाल्या.

"आज दिवसभर समुद्रावर चला. कवळी हलली, तर मी हा विषय जन्मात काढणार नाही. नाही हलली, तर उद्या सकाळी माप!"

"ठरलं," विहीणबाई म्हणाल्या.

काकांनी गळासाठी स्वतःच्या हाताने एक खोटी कोळंबी बनवली होती. कवळीच्या हिरड्यांना लागतो तोच गुलाबी माल, काळ्या मण्यांचे डोळे, शेपटीला सुयांचा झुबका. इतकी हुबेहूब, की खऱ्या कोळंबीची आई तिला जेवायला हाक मारेल!

समुद्र तरी कसा, ताटात पाणी ओतून ठेवावं तसा! काका गुडघाभर पाण्यात उभे, तळाची वाळू कण न् कण दिसतेय. दोघी बायका काठच्या खडकावर. काकांनी काठी फिरवून कोळंबी लांब फेकली. बुडू दिली. दोन झटके. मग गप्प. पुन्हा दोन झटके.

आणि ते आले! पाच-सहा ब्रीम मासे, ताटलीसारखे चपटे, रुपेरी, कोळंबीच्या मागे लग्नाच्या वरातीसारखे संथ चाललेले. त्यातला एक थोराड मासा थेट काकांच्या पायापाशी आला, दगडावरचा एक शिंपला तोंडात धरला आणि कडाककन फोडला!

काकांनी वाकून पाहिलं. दात! पुढे सुळ्यांची रांग, मागे दाढाच दाढा, गोल, घट्ट, एकीला एक लागून. ना माप, ना प्लास्टर, ना घासणं! चाळीस वर्षांत असं काम काकांच्या हातून झालं नव्हतं. बघता बघता त्यांनी आ वासला.

आणि कवळी पडली.

शिंकेने नाही, भांडणाने नाही, नुसत्या अचंब्याने पडली! वाळूवर उताणी जाऊन काकांकडे बघून हसायला लागली. मासे पळाले.

काकांनी तोंड मिटलं.

"लागला का मासा?" विहीणबाईंनी विचारलं.

"हं."

"मोठा होता?"

"उंहूं."

"अहो, हे गप्प कसे?" विहीणबाई घाबरल्या. "माझं काही चुकलं का?"

"छे! चुकलं असतं तर तासभर बोलले असते," काकू उठल्याच. "पायात गोळा आला असेल. अहो, कुठला पाय? डावा की उजवा?"

काकांनी पाण्याकडे बोट दाखवलं.

"अगं बाई, दोन्ही!" काकू पाण्यात उतरल्या, त्यांच्यामागे विहीणबाईही उतरल्या. काका हातवारे करतायत, "थांबा, थांबा!" दोघींना वाटतंय, बोलावतायत!

तेवढ्यात समोरच्या पाणगवतातून एक माकूळ, म्हणजे स्क्विड, निघालं. काचेचं केल्यासारखं आरपार, डोळे बशीएवढे. त्याने गुलाबी कोळंबी पाहिली, गुलाबी कवळी पाहिली. माल एकाच डब्यातला! हुशार जात ती, जिला सुया नाहीत तीच उचलली. आठ हातांनी कवटाळली आणि उलट्या पावली निघालं.

काकांना ना लाज राहिली, ना शब्द. कोळंबी त्याच्या नाकासमोर नेली. दोन झटके. मग गप्प. काकांनी श्वाससुद्धा घेतला नाही. माकूळ थबकलं. आठ हात गुंतलेले, पण लांबलचक दोन हात मोकळे होते ना! हावरटाने तेही पुढे केले. आणि अडकलं!

काकांनी काठी वर उचलली. माकूळ पाण्याबाहेर! तिघंही जागच्या जागी थिजली. माकुळाच्या तोंडाशी कवळी अशी नेमकी बसलेली, की ते आपलं हसतंय! मोत्यांसारखे चौदा दात! अंगावर रंग तर एक म्हणून ठरेना. तपकिरी, लाल, शुभ्र, मग ठिपकेच ठिपके. काका दाताला दात जुळवायला सहा छटा वापरत आले, इथे पापणी लवेपर्यंत साठ झाल्या!

"फापडलं!" काका ओरडले.

माकुळाने हसऱ्या तोंडाने काकांवर शाईची पिचकारी सोडली.

काळ्या चेहऱ्याचे, बोळक्या तोंडाचे काका आणि त्यांच्याकडे बघून दात विचकणारं माकूळ! विहीणबाईंना हसू फुटलं. दोन्ही हात पोटावर धरून हसल्या, तोंडावर धरायला एकही उरला नाही. चारही दात उन्हात चमकले. काकू बघतच राहिल्या. असं मोकळं हसू!

काकांनी माकूळ अलगद पाण्यात टेकवलं, सुया सोडवल्या. त्याने कवळी टाकली आणि क्षणात दिसेनासं झालं. काकांनी कवळी धुऊन तोंडात बसवली आणि मान खाली घातली.

"हरलो, विहीणबाई. पडली."

"अहो, ज्याला जबडा नाही, हाड नाही, त्याच्या तोंडात बसली! माझ्या तोंडात काय धाड भरलीय न बसायला? उद्या सकाळी माप घ्या."

काकांचे डोळे भरून आले.

"फक्त एक करा," विहीणबाई म्हणाल्या, "हिरड्यांचा रंग तेवढा दुसरा घ्या. मला समुद्रात डुंबायची सवय आहे."

रात्री जेवायला काय होतं म्हणता? अंडी! आणि माकूळ काका सांगतात तसं हातभर नव्हतं, वीतभरच होतं. पण चौदा दातांपैकी एक अजून शाईने काळा आहे. तो काका कुणालाही दाखवतात, न विचारता!