बटन हो म्हणते

मंगळवारी मेश्रामभाऊ वारले. बुधवारी दुपारी वीज गेली आणि आमच्या ग्रंथालयात सर्व्हिस कोणी थांबवली नाही.

सर्व्हिस म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची दुसऱ्या डिस्कवर आपोआप नक्कल करत राहणारा, पडद्यामागचा प्रोग्रॅम. नवेगाव बांधच्या आमच्या कॉलेजात लोडशेडिंग रोजचं आणि यूपीएस दहा मिनिटांचा. तो संपून नक्कल अर्धवट तुटू नये म्हणून मेश्रामभाऊ काळ्या स्क्रीनवर 'स्टॉप' टाइप करायचे. वीज आली की 'स्टार्ट'. मग तीनदा 'स्टेटस'. तिन्ही वेळा 'रनिंग' आलं की खुर्चीला टेकायचे.

याच कामासाठी माउसने दाबायचं एक हिरवं बटण होतं. मी ते एकदा दाखवलं.

"बटन दाबलं तं ते हो म्हणते, सर. करून राहिलं का नाही, हे कोण पाहते?"

हा संशय कॉम्प्युटरपुरता नव्हता. चहा गरम आहे असं चहावाल्याने सांगितलं तरी ते किटलीला बोट लावायचे, आणि भाजलं की खूश व्हायचे. कुलूप लावून फाटकापर्यंत जायचे, परत येऊन ओढून पाहायचे. प्राचार्य भरसभेत म्हणाले, प्रस्ताव पाठवला आहे. तर मागून यांनी विचारलं, पोचला का ते पुसलं का? तेव्हापासून प्राचार्य मागच्या दाराने जात.

आधी ते असे नव्हते. शेजारच्या टेबलावर त्यांच्या पत्नी सुनंदाबाई नोंदी टाइप करायच्या. तेव्हा मेश्रामभाऊ बटणच दाबायचे आणि वळूनही बघायचे नाहीत. "काऊन जी, सुरू झालं का पाहा तं खरं," सुनंदाबाई टोकायच्या. ते हसायचे.

एका उन्हाळ्यात बटण हो म्हणालं आणि सर्व्हिस सुरूच झाली नाही. नऊ दिवस कोणाला कळलं नाही. नऊ दिवस सुनंदाबाई टाइप करत होत्या. दहाव्या दिवशी त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. त्या परतल्या नाहीत. त्याच आठवड्यात मूळ डिस्क बंद पडली. दुसऱ्या डिस्कवर ते नऊ दिवस नव्हते.

मेश्रामभाऊंनी आलेल्या पुस्तकांची हाताने लिहिलेली दाखल-नोंदवही समोर ठेवून त्या सगळ्या नोंदी पुन्हा टाइप केल्या. मला एवढंच म्हणाले, "सांगून राहिली होती, पाहा म्हणून. मी पाहिलंच नाही."

परवा, बुधवारची तुटलेली नक्कल तपासताना, मी त्या नोंदी उघडल्या. ज्याच्या पासवर्डने काम होतं, त्याचं नाव नोंदीपुढे आपोआप पडतं. तारखा सुनंदाबाई गेल्यानंतरच्या होत्या. प्रत्येक तारखेपुढे नाव होतं, सुनंदा.

नियमाने मी त्या नावांची दुरुस्ती करायला हवी होती. केली नाही.

आता वीज गेली की 'स्टॉप' मी टाइप करतो, आली की 'स्टार्ट'. 'स्टेटस' तीनदा विचारतो. त्या नऊ दिवसांच्या नोंदी दोन्ही डिस्कवर आहेत.