काकूंचा चहा आणि स्थळनिश्चिती मंडळ

आपण काय लिहिलं आहे हे लेखकाला कळतं, असा एक गैरसमज समाजात पूर्वीपासून आहे. तो दूर करण्याचं काम आता जाणकार वाचकांनी हाती घेतलं असून त्याचा पहिला लाभ चहावाल्या काकूंना झाला.

काकूंचं दुकान एका जिन्याखाली होतं. दोन पायऱ्या, हिरवं दार, आत एक शेगडी आणि तीन बाकडी. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच ते चालवत होत्या. शेजारच्या गाळ्यात त्यांचे धाकटे दीर घड्याळं दुरुस्त करायचे. सकाळचा पहिला कप भाऊजींचा, मग बाकीची गिऱ्हाइकं, एवढा एकच नियम त्या दुकानाला होता.

अशात एक कादंबरी गाजली. तिच्यात एक चहावाली आहे. ती चहातून विष देऊन एकामागून एक तीन नवरे मारते आणि चौथ्यासाठी आधण ठेवते, तिथे पुस्तक संपतं. काकूंनी ते वाचलं नव्हतं. (वाचत बसलं की दूध उतू जातं.) पण कादंबरीतलं दुकान खरं कुठे आहे हे शोधायला वाचकांनी तोवर स्थळनिश्चिती मंडळ स्थापन केलं होतं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते, त्यामुळे मुळापर्यंत जायची त्यांना सवयच होती. सभासदांपैकी निम्म्यांनी कादंबरी वाचली होती आणि उरलेल्या निम्म्यांनी ती वाचलेल्यांशी वाद घातला होता.

बऱ्याच गल्ल्या पालथ्या घालून मंडळ त्या हिरव्या दाराशी येऊन थांबलं. कादंबरीत दार पिवळं आहे आणि पायऱ्या पाच आहेत. डॉक्टरांनी नेमका हाच फरक निर्णायक मानला. सगळं जुळलं असतं तर योगायोग म्हणता आला असता; इतक्या काळजीने काहीच जुळत नाही, म्हणजे लेखकाने काहीतरी झाकलंय.

लेखकाने लगेच जाहीर केलं की अशी गल्ली कुठेच नाही, आपण ती बसल्या जागी रचली. मंडळाने या खुलाशाचं मनापासून स्वागत केलं. नसलेल्या गल्लीबद्दल इतकं तळमळून कोण बोलतं? मग लेखक म्हणाले, मी त्या गावात आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही. म्हणजे कुठलं गाव हे त्यांना ठाऊक आहे, याची मंडळाने नोंद घेतली. शेवटी बिचारे गप्प बसले. इतका स्पष्ट कबुलीजबाब मंडळालाही अपेक्षित नव्हता.

दुकानात ही गर्दी झाली. लोक यायचे, चहा मागवायचे, कपाचा फोटो काढायचे आणि कप तसाच ठेवून निघून जायचे. (शेगडीपासून सुरक्षित अंतरावरचं बाकडं कुठलं, तेही मंडळाने ठरवून दिलं होतं.) काकूंनी ते हसण्यावारी नेलं. पण एका सकाळी भाऊजींचा कप भरलेलाच परत आला. पित्त झालंय म्हणाले. दुसऱ्या दिवशीही पित्तच. मग त्यांनी घरून थर्मासच आणला. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा हा दीर शाळेत जात होता, तेव्हापासून तो त्यांच्या हातचं पीत आला होता. आणि आता भिंतीकडे तोंड करून थर्मासमधलं घेत होता. यजमान गेले तेव्हाही त्यांना इतकं एकटं वाटलं नव्हतं.

काकूंनी लेखकाला फोन लावला. "तुम्ही लिहिलंत, आता तुम्हीच येऊन प्या," एवढंच म्हणाल्या.

लेखक सज्जन माणूस, आले. (ते आल्यामुळे स्थळनिश्चिती पूर्ण झाल्याचं डॉक्टरांनी दारातच जाहीर केलं.) भाऊजी डोळ्याला लावलेलं भिंग तसंच ठेवून उंबऱ्याशी उभे राहिले. लेखकाने सगळ्यांना पुन्हा समजावलं, की माझी चहावाली मी डोक्यातून काढली, या बाईंचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. मग त्यांनी कप उचलला. वास घेतला. काकूंकडे पाहिलं, आणि कप हळूच त्यांच्यापुढे सरकवला.

"तुम्ही आधी घ्या ना."

काकूंनी कप ओढून घेतला. मग त्यांनी तो चहा सगळ्यांदेखत शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि कप पालथा ठेवला. त्यांना काहीही झालं नाही. रोज थोडंथोडं घेत गेलं की ते अंगात मुरतं, असा ठराव मंडळाने एकमताने केला. भाऊजी थर्मासचं झाकण लावायला आपल्या गाळ्यात गेले.

काकूंनी कधीही कुणाला काही घातलेलं नाही, हे इथे स्वच्छ सांगतो. दार हिरवं, पायऱ्या दोन, बाई साधी. लेखकाला, डॉक्टरांना आणि सख्ख्या दिराला जे कळलं नाही, ते तुमच्यासारख्या सुज्ञ वाचकाला पहिल्यापासून कळत होतं, यात शंकाच नाही. फक्त एक विचारतो. यजमान कशाने गेले हे मी कुठेच सांगितलेलं नाही. तो प्रश्न तुमच्या मनात नेमका कधी आला?

असो. बसा, काकूंनी तुमचाही कप भरलाय.