आप्पांची सडकी केळी

माझे सासरे आप्पा बाजारात गेले की सगळ्यांत सडकी केळी मागतात. चांगली पुढे केली तर रागावतात. "ही नको रे. काळी दे, पाणी सुटलेली." हूटगळ्ळीच्या बसस्टॉपवरचा केळीवाला आधी चिडला, मग त्याला त्यांची कीव आली. आता तो असली केळी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवतो आणि पैसे घेत नाही. शाळेतून येताना मी त्याच स्टॉपवर उतरते. तेव्हा तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेमुळे मी हल्ली रस्त्याच्या पलीकडून चालते.

केळी फुलपाखरांसाठी असतात. ताटलीत कुस्करून, वर चिमूटभर गूळ घालून आप्पा ती अंगणात ठेवतात. हे त्यांनी केळीवाल्याला कधीच सांगितलं नाही. का, असं विचारलं तर म्हणाले, "त्यानं विचारलं नाही. सुम्ने कशाला सांगायचं?" उगाच, सहज, फुकट, काही कारण नसताना, या सगळ्याला आप्पांचा हा एकच कानडी शब्द आहे. आमचं घराणं मैसूरचंच झालेलं. मी मात्र पुण्याची. लग्नानंतर पहिलं वर्षभर मला वाटायचं, सुम्ने नावाचं कुणीतरी नातेवाईक आहे.

मैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात आप्पांचं साड्या रंगवून देण्याचं दुकान होतं. हात थरथरायला लागले तेव्हा ते बंद झालं आणि आम्ही सगळे इकडे हूटगळ्ळीला नव्या घरात आलो. समोर अंगण म्हणजे मुरमाचा तुकडा. झाड नाही, सावली नाही, पाणी एक दिवसाआड. मी म्हटलं, फरशी घालून टाकू. आप्पा म्हणाले, "स्वल्प थांब."

आणि त्यांनी त्या उन्हात लोक उपटून फेकतात तीच झाडं लावली. घाणेरी, रुई, सदाफुली, कुंपणाला कृष्णकमळ. तांदूळ धुतलेलं पाणी त्यांना पुरतं. एका परातीत ओली माती ठेवली, कारण फुलपाखरं माती चोखतात. चपटे दगड मांडले, कारण त्यांना सकाळी पंख शेकायला लागतात. दहाच्या सुमारास पहिलं फुलपाखरू आलं की आप्पा खुर्ची पुढे सरकवून म्हणतात, "या." रंगाऱ्याचा डोळा काही जात नाही. "हा रंग कच्चा हं," ते मला बजावतात. "बोटाला लागतो. हात लावायचा नाही."

कढीलिंबाची तीन झाडं आहेत, पण फोडणीसाठी मी कढीलिंब विकत आणते. त्या पानांवर अळ्या असतात. एकदा शेजारीण चार पानं मागायला आली, तर आप्पा म्हणाले, "त्यांचं जेवण चाललंय." ती आमच्या खिडकीकडे बघून, "सॉरी, नंतर येते," म्हणून गेली. मी खिडकीच्या आत तोंडावर पदर धरून उभी होते.

हे सगळं मी सोसलं असतं. पण एका रविवारी समोरच्या जयम्मा आल्या. हातात चित्रान्नाचा डबा, वर डझनभर पिवळीधमक केळी. आप्पा अंगणात होते. जयम्मांनी मला आत नेलं आणि आवाज खाली आणून कानडीत म्हणाल्या, "म्हातारपणी भूक लागते गं. तू नोकरी करणारी, तुझ्या लक्षात येत नसेल. त्यांना केळी आवडतात ना? ताजी देत जा."

इथे भेटलेला प्रत्येक माणूस "ऊट आयता?" विचारतो. जेवण झालं का, बस, नमस्काराच्या जागी असतं ते. त्या दिवशी मला कळलं, आमच्या गल्लीत आप्पांना तो प्रश्न लोक खरोखर विचारत होते.

जयम्मा गेल्यावर मी अंगणात गेले आणि फाटकाजवळच आवाज चढवला. "आप्पा, लोकांना वाटतं मी तुम्हाला उपाशी ठेवते! मला तोंड दाखवायला जागा नाही राहिली!"

आप्पांच्या हातात ताटली होती. ती त्यांनी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "अय्यो," ते म्हणाले. "तुझं नाव खराब झालं?" 

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घराकडे वळले, तर कोपऱ्यावरच्या घराच्या फाटकाशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले आप्पा उभे. ऐकू कमी येत असल्यामुळे बोलतात मोठ्यानं. अख्ख्या गल्लीला ऐकू जात होतं: "नम्म सोसे चेन्नागि ऊट हाक्ताळे!" आमची सून जेवायला चांगलं घालते! दुपारपासून घरोघर जाऊन ते हेच सांगत होते, कुणी न विचारता. काल ज्यांना शंका होती त्यांची आज खात्री पटली असणार. मी पर्समध्ये किल्ली शोधत, खाली बघत, जवळजवळ पळतच घरात शिरले.

काय काय बोलायचं ते मी भाजी चिरता चिरता ठरवून ठेवलं. दिवे लागले, तरी आप्पा येईनात. आले ते घामेजलेले आणि लाल झालेले.

"इतका वेळ?"

"बसवून घेतात की!" आप्पा खुर्चीत टेकले. "कोपऱ्यावरचे पिरियापट्टणचे आहेत. भावाची तंबाखूची शेती आहे. त्यांचाही माझ्यासारखा डावा गुडघा दुखतो. मग लेकीच्या लग्नाचा अल्बम काढला. जयम्मांकडे तर मला आत देवघरापर्यंत नेलं. तीन घरांत कॉफी झाली. इतकी वर्षं समोर राहतात त्या, सुजाता, आणि मला त्यांचं घर आतून कसं आहे ते ठाऊक नव्हतं."

ते एकसारखे बोलत होते. एवढं बोलताना मी त्यांना या घरात पाहिलंच नव्हतं. मोहल्ल्यात दुकानाच्या फळीवर बसलं की दिवसभर रस्ता त्यांच्याशी बोलायला यायचा. इथे आम्ही सकाळी फाटक लावून जातो ते संध्याकाळी येतो. मध्ये, दहाच्या सुमारास, ते कुणाला 'या' म्हणतात, ते आता मला नीट ऐकू आलं. भाजी करपल्याचा वास आला तेव्हा मी उठले.

"सगळ्यांना सांगून झालं?" मी आतूनच विचारलं.

"कुठलं! मागची गल्ली राहिली." मग आवाज एकदम बारीक झाला. "पण तुला लाज वाटत असेल तर नाही जात."

मागच्या गल्लीत, पिवळ्या फाटकाच्या घरात, आमच्या शाळेच्या हेडबाई राहतात.

"जा ना," मी म्हटलं. "पिवळ्या फाटकाचं घर सोडू नका. त्या बाई कॉफी फार छान करतात. घाई करू नका, बसा निवांत."