एसेनकुल भर दुपारी वारला तेव्हा

एसेनकुल घोरायचा, आणि आपल्या घोरण्याचा त्याला भारी अभिमान होता! "माझ्या कुरणावर लांडगा का फिरकत नाही, माहीत आहे? मी झोपतो म्हणून!" असं तो नारिनच्या बाजारात छाती ठोकून सांगे. यात कुत्र्यांचाही थोडाफार वाटा असावा, पण कुत्री काही बाजारात येऊन बोलत नाहीत.

त्याची बायको बुरुलाय मात्र वेगळंच सांगायची. "अहो, घोरता ते घोरता, पण मधेच श्वास थांबतो तुमचा! मग गुदमरल्यासारखे दचकता. एकदा डॉक्टरला दाखवा."

"थांबतो तो तू काय पुटपुटतेस ते ऐकायला!"

सकाळी डोकं ठणकलं की तो कुमिसवर, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधावर, खापर फोडी, दिवसा डुलक्या आल्या की उन्हावर. घोड्यावर बसल्या बसल्याही झोपे! त्याचा घोडा तोरू बिचारा झोपलेल्या धन्याला सांभाळत थेट दारात आणून सोडी. घोडा शहाणा होता, त्यामुळे धन्याला स्वतःत काही खोट दिसत नव्हती.

अशात मुलाच्या लग्नाची बोलणी निघाली. मुलगी तुर्गुनबाय नावाच्या गृहस्थाची, पण तिच्या घरात शेवटचा शब्द तुर्गुनबायच्या आईचा, साल्किन आजींचा. त्या हो म्हणाल्या तर लग्न, नाही तर आल्या वाटेने परत!

"तिथे जेवून आडवे होऊ नका हं," निघताना बुरुलायने बजावलं.

"मी? व्याह्याच्या घरी? वेड लागलंय का तुला!"

व्याह्यांनी आपल्या तंबूत मान म्हणून मेंढ्याचं डोकं त्याच्यापुढे ठेवलं. ते कापून वाटेपर्यंत एसेनकुल जागा राहिला, हीच कमाल! वर कुमिस झालं. बुरुलाय यजमानीणबाईंबरोबर घोडीचं दूध काढायला बाहेर गेली, आणि इकडे गडी कलंडला.

तंबू थरथरू लागला. पण झोपलेल्या पाहुण्याला उठवायचं नाही ही घराची रीत, त्यामुळे सगळे मुकाट ऐकत बसले. मग घोरणं एकदम बंद पडलं. तुर्गुनबायला हायसं वाटलं. आजींना नाही! त्या पाहुण्याच्या पोटाकडे पाहत होत्या. पोट हलेना. त्यांनी लोकरीचा पुंजका त्याच्या नाकाशी धरला. पुंजकाही हलेना!

"गेला रे गेला!"

मेलेल्याचे गुण गात सुरात रडण्यात साल्किन आजींचा हात धरणारं त्या खोऱ्यात कुणी नव्हतं. त्यातून बरेच दिवस कुणी मेलंही नव्हतं. रीतीप्रमाणे त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि जो गळा काढला! सुनाही शेजारी भिंतीकडे तोंड करून बसल्या. पाहुणा आपल्या छपराखाली गेला, आता हात आखडून कसं चालेल, म्हणून तुर्गुनबाय शोकाच्या जेवणात कापण्यासाठी आपली सर्वांत लाडकी घोडी आणायला धावला. एसेनकुलचा श्वास तोवर परत येऊन तो पुन्हा घोरूही लागला होता, पण त्या गदारोळात ऐकतो कोण आणि भिंतीला दिसणार काय!

तेवढ्यात बुरुलाय दुधाची बादली घेऊन आत आली. तिने विलाप ऐकला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि नेहमीच्या सवयीने त्याच्या बरगडीत एक ढुसणी दिली.

एसेनकुलने डोळे किलकिले केले. कानावर शब्द पडत होते, "रुंद छातीचा होता गं! वाऱ्यासारखा धावायचा! अंधारातसुद्धा कधी घरची वाट नाही चुकला!"

वरबापाचा एवढा मान! दुवा चालली आहे असं समजून तो उठून बसला, दोन्ही तळवे पसरले आणि खड्या आवाजात म्हणाला, "ओमीन!"

एकच किंकाळी फुटली! एक सून चहाच्या भांड्यांवर पडली. दोर धरून दारात आलेल्या तुर्गुनबायच्या हातून दोर सुटला, आणि घोडीने ती संधी साधून डोंगर गाठला.

आजी पाणी प्यायल्या आणि कडाडल्या, "या घरात देऊ मी माझी नात? रोज दुपारी सासऱ्यासाठी रडायला?"

"अगं, सांग ना यांना, मी ठणठणीत आहे!" एसेनकुल बायकोला म्हणाला.

"नाही सांगणार," बुरुलाय म्हणाली. "आजी आज एकदा रडल्या. मी रोज रात्री तुमचा श्वास परत यायची वाट बघत बसते. फार भीती वाटते हो मला." तिचे डोळे भरून आले.

"आधी डॉक्टर, मग वऱ्हाड!" आजींनी निकाल दिला.

बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला, मानेचा घेर मोजला आणि विचारलं, "दिवसा झोप येते का?" उत्तर बुरुलायला द्यावं लागलं, कारण एसेनकुल खुर्चीत झोपला होता. मग अंगाला तारा लावून त्याला रात्रभर तिथेच निजवलं.

"झोपेत तुमचा घसा मिटतो," दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या. "श्वास अडतो, मेंदू घाबरून उठवतो, रात्रभर हेच. म्हणून डोकं दुखतं, म्हणून डुलक्या. दुर्लक्ष केलंत तर हृदयावर बेतेल." वजन उतरवा, निजताना कुमिस बंद, आणि रोज रात्री नाकावर मुखवटा. यंत्रातून हवेचा झोत येईल, तो घसा उघडा ठेवील.

"मुखवटा लावून निजू? कुरणावर लोक हसतील मला!"

"कुरणावर लोकांचं तुमच्यासाठी रडूनही झालंय," बुरुलाय म्हणाली.

आधी त्याने मुखवटा झोपेत ओढून फेकला, मग शिव्या घातल्या, मग सवय झाली. एके दिवशी सकाळी जाग आली तेव्हा डोकं दुखत नव्हतं, आणि शेजारी बुरुलाय गाढ झोपली होती. तिला अशी निवांत झोपलेली त्याने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. तिला न उठवता त्याने स्वतः चहा ठेवला.

लग्न थाटात झालं. एसेनकुल शेवटच्या भाषणापर्यंत टक्क जागा! तो विलाप तर त्याने बाजारात इतक्यांदा म्हणून दाखवला होता की लोकांना पाठ झाला होता. पंगतीत तो हळूच आजींजवळ सरकला.

"आजी, त्या दिवशी मी उगाच मधेच उठलो. 'वाट नाही चुकला' याच्या पुढे माझ्याबद्दल काय होतं हो?"

"तुझ्याबद्दल?" आजींनी त्याच्याकडे मायेने पाहिलं. "तुझे गुण केव्हाच संपले होते रे बाळा. मग मी दारातल्या तुझ्या घोड्याकडे वळले होते."

शेजारी बुरुलायला हसता हसता ठसका लागला. एसेनकुलला त्या क्षणी वाटलं, आता पटकन झोप लागावी. पण मेली येईल तर ना! उपचार चांगलाच लागू पडला होता.