बिनपंपाचा कूलर

दत्तोपंत देवगावकरांनी त्या उन्हाळ्यात कूलरचा पंप काढून माळ्यावर टाकला, आणि एवढ्यावर न थांबता साऱ्या पुंडलिकनगरला ते ऐकवलंही. पस्तीस वर्षं वीज कार्यालयात इंजिनियर म्हणून घालवलेला माणूस. निवृत्त झाला तरी वाया जाणारा युनिट त्याच्या डोळ्यांत खुपायचाच. कूलरचा पंप दिवसाचे बारा तास चालतो, त्यात अर्धा युनिट जातो. पाणी तर गच्चीवरच्या टाकीत आयतं उंचावर बसलेलं. मग ते खाली यायला वीज कशाला?

कृषी केंद्रातून त्यांनी ठिबकची नळी आणली, टाकीपासून खिडकीतल्या कूलरपर्यंत सोडली आणि गवताच्या तिन्ही जाळ्यांवर थेंब थेंब पाणी पडेल अशी बेतून बसवली. जास्तीच्या पाण्यानं फरशी ओली होऊ नये म्हणून कूलरच्या तळाला दुसरी नळी जोडून ती कुंड्यांच्या मागून थेट गटारीत नेली. काम इतकं नीटनेटकं की ती नळी कोणाच्या नजरेलाही पडत नव्हती. गल्लीच्या ग्रुपवर फोटो टाकला, तेव्हा बावीस जणांनी वाहवा केली.

"अहो, आपल्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं," यमुनाबाई म्हणाल्या. "टाकीशी खेळ नको."

"एकेक थेंब मोजलाय मी," दत्तोपंत म्हणाले. बायकोला विज्ञान समजावण्याचा नाद त्यांनी लग्नानंतर वर्षभरातच सोडला होता.

वरच्या मजल्यावर गंगापूरकडचे पुंजाराम आणि साळूबाई भाड्यानं राहत. दोन्ही घरांना टाकी एकच. त्यांची लेक मोनाली बाळंतपणाला आलेली, शुक्रवारी बाळाचं बारसं, गावाकडून चाळीस माणसं जेवायला. नळाला सोमवारी पाणी येऊन गेलं होतं, म्हणजे बारसं टाकीतल्या पाण्यावरच निभवायचं होतं.

गुरुवारी दुपारी कूलरनं कमाल केली. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन आणि दत्तोपंत अंगावर चादर ओढून झोपलेले. पंपाच्या काळात असा गारवा कधी लागला नव्हता. चार वाजता मात्र कूलर एकाएकी भट्टीसारखा वारा फेकायला लागला. ते गच्चीवर गेले, टाकीचं झाकण उघडलं, तर तळाशी वाटीभर गाळ.

दत्तोपंत तिथूनच तापत तापत खाली आले आणि साळूबाईच्या दारात उभे राहिले.

"नळ कोणी चालू ठेवला?"

"आमच्या इथं नाय काका. मोनालीनं दुपटी धुतली तेवढीच."

"दुपट्यांना दोन हजार लिटर लागतात? बारसं तुमच्या घरी असेल, पण टाकी दोन घरांची आहे. पाण्याची किंमत कळायला हवी माणसाला."

आत मोनाली बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान खाली घातली. दत्तोपंतांनी जिन्यातच उभं राहून ग्रुपवरही लिहिलं, की काही भाडेकरूंना पाणी कसं वापरावं हे शिकवायची वेळ आली आहे. मग हलक्या मनानं ते खाली उतरले.

यमुनाबाई फाटकाशी उभ्या होत्या. "अहो, गटारीला आज एवढं निवळशंख पाणी कुठून? ती गाय दुपारपासून तिथून हलेना."

दत्तोपंतांनी एकवार गायीकडं पाहिलं आणि एक एक कुंडी बाजूला केली. नळीतून शेवटचे थेंब टपकत होते. कूलरची जाळी उघडली, तर ठिबकच्या टोकाचं बूच निसटून तळाशी पडलेलं. दुपारभर धार गवतातून कूलरच्या तळात आणि तळातून गटारीत गेली होती. तो अपूर्व गारवा म्हणजे साळूबाईच्या घरच्या बारशाचं पाणी होतं.

त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बूच गुपचूप बसवून टाकावं, कोणाला कळणार आहे, असं क्षणभर वाटलं, आणि वाटल्याची आणखी लाज वाटली. ग्रुपवर तोवर तिघांनी "बरोबर बोललात साहेब" म्हटलं होतं.

"तुम्ही वर जाताय की मी जाऊ?" यमुनाबाईंनी विचारलं.

तेवढ्यात साळूबाईच खाली आली. "काका, माफी करा. नळ ऱ्हायला असंल पोरीच्या हातून. लई रडायली. बाळाला अंगावर घ्यायला तयार नाय. ह्यांना टँकर बघायला धाडलंय."

दत्तोपंतांनी तिला मध्येच थांबवलं. "साळूबाई, नळ तुमचा नव्हता. माझा कूलर होता."

"कूलर एवढं पाणी पेला?"

"कूलर नाही, गटार. बूच निसटलं होतं. मी बघितलं नाही, आणि तुम्हाला वाट्टेल ते बोललो. चुकलं माझं. टँकर मी आणतो." हे सगळं त्यांनी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं.

 साळूबाई तशीच अंगणात धावली आणि शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तशी वर बघून ओरडली, "मोने, रडू नको गं. तू नव्हतीस. काकानं सांडलं पाणी, काकानं."

गल्लीतल्या झाडून साऱ्या गॅलऱ्यांत माणसं आली. मोनाली सुजल्या डोळ्यांनी कठड्याशी आली. "खरंच का काका?"

"हो, मीच," दत्तोपंत पुटपुटले.

"काय म्हणले?"

"मीच सांडलं," त्यांना मोठ्यानं सांगावं लागलं. मोनालीनं डोळे पुसले आणि बाळाला घ्यायला आत वळली. दत्तोपंतांची नजर पायातल्या चपलांवरून हलेना.

साळूबाई परत आली. "तुमच्याकडं प्यायला तरी हाय का?"

"नाही."

ती वर गेली आणि भरलेली कळशी घेऊन उतरली. "बारशासाठी सोमवारपासून भरून ठिवलंय. खाटंखाली आणखी चार हंडे हायेत."

आयुष्यभर बचतीवर बोललेल्या त्या माणसानं दोन्ही हातांनी कळशी धरली.

"जपून काका, सांडू नका," साळूबाई म्हणाली. भरली कळशी हातात देताना कोणीही म्हणतं, तसंच साध्या मनानं ती म्हणाली. तिनं टोमणा मारला असता तर दत्तोपंतांना बरं वाटलं असतं.