शेवटचा हात कुणाचा?

आसाराम मिस्त्री माणसांना एकेरीत हाक मारतात आणि अडकलेल्या बोल्टला 'आपण' म्हणतात. गारखेड्यातील त्यांच्या पत्र्याच्या गॅरेजात डॉक्टर येवो की फौजदार, त्याच्या वाट्याला 'काय रं, काय मोडून आणलं?' एवढेच येते. बोल्टला मात्र, 'चला हुजूर, लई दिवस बसलात, आता उठावं,' असे आर्जव केले जाते. माझे घर गॅरेजच्या मागे असल्याने गेली नऊ वर्षे मी ही आर्जवे भिंतीपलीकडून ऐकत आलो आहे.

मोटारीच्या इंजिनाखाली तेलाचे चेंबर असते आणि त्याच्या बुडाशी जुने तेल सोडण्यासाठी एक बोल्ट असतो. हा बोल्ट मिस्त्रींच्या चिंतनाचा विषय आहे. 'भेलेला माणूस लई आवळतो,' हा त्यांचा सिद्धांत. एकदा एका घट्ट बोल्टकडे पाहून ते गाडीमालकाला म्हणाले, 'तू रेल्वेच्या टायमाच्या दोन तास आधी टेशनात जातूस. व्हय का नाय?' त्या गृहस्थाने मान खाली घालून ते कबूल केले.

बोल्टला हात लावण्यापूर्वी ते एक प्रश्न विचारतात : 'शेवटचा हात कुणाचा?' उत्तर मिळेपर्यंत पाना उचलला जात नाही. एका कंत्राटदाराने 'ठाऊक नाही' म्हटले, तर त्याची गाडी दोन दिवस तशीच उभी राहिली. अखेर त्याने मेव्हण्याला फोन करून नाव मिळवले. मिस्त्री 'बरं' म्हणाले आणि कामाला लागले. त्या नावाचे पुढे ते काहीही करीत नाहीत.

या प्रश्नामागचा इतिहास साऱ्या गल्लीला माहीत आहे. बारा वर्षांपूर्वी हे गॅरेज दोघांचे होते, भागीदार कुद्दूसभाई. त्यांच्याकडून तेल बदलून गेलेल्या एका जीपचा बोल्ट पाचोडच्या वाटेवर गळून पडला, तेल वाहून गेले आणि इंजिन जाम झाले. शेवटचा हात तुझा, असे प्रत्येकाने दुसऱ्याला सांगितले. तिसऱ्या दिवशी कुद्दूसभाई आपले पाने गोणीत भरून निघून गेले आणि त्यांनी क्रांती चौकामागे गॅरेज टाकले. तेव्हापासून मिस्त्रींसमोर ते नाव कोणी काढत नाही. मला हे सारे ठाऊक होते, म्हणूनच पुढचे सांगताना मला संकोच वाटतो.

गेल्या हिवाळ्यात आपल्या गाडीचे तेल आपणच बदलावे, असे माझ्या मनाने घेतले. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो, आणि हाताने काही करता येत नाही ही खंत मला पन्नाशीनंतर छळू लागली आहे. गाडीखाली पाठीवर पडल्यावर बोल्ट सोडण्याची दिशा कोणती, याविषयी माझा गोंधळ झाला. अर्धा तास मी तो सर्व शक्तीनिशी आवळत होतो. पाना एका मापाने मोठा होता. तो सटकत राहिला, बोल्टचे सहाही कोपरे झिजून त्याला सुपारीचे रूप आले आणि माझी बोटे सोलवटली.

उजव्या हाताला पट्टी बांधून मी गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी खाली वाकून पाहिले.

'आरारारा! हुजूरचं तोंडच फोडलंय की. शेवटचा हात कुणाचा, मास्तर?'

'माझा' हा दोन अक्षरी शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. त्यापूर्वीचे तेल जुन्या ओळखीमुळे मी कुद्दूसभाईंकडे बदलले होते आणि ते मिस्त्रींपासून लपवले होते. त्या क्षणी ते नाव मला सोयीचे वाटले.

'कुद्दूसभाईंचा,' मी म्हणालो.

मिस्त्रींनी बोल्टच्या झिजलेल्या कडांवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी माझ्या पट्टीकडे पाहिले.

'कुद्दूसचा व्हय? दम लागतो का रं त्याला अजून?'

'थोडा लागतो.'

'बरं.'

त्यांनी इंजिन कोमट होऊ दिले. बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे चार हलके ठोके दिले. याला ते 'जागं करणं' म्हणतात. मग पान्याची एका मापाने लहान, पोकळ लोखंडी गोटी टोपीसारखी त्याच्यावर ठोकून बसवली. 'या, सरकार, या. मास्तरला माफी करा,' असे म्हणत त्यांनी दांडा फिरवला. करकर आवाज झाला आणि सरकार बाहेर आले.

नवा बोल्ट बसला, नवे तेल पडले. मला वाटले, सुटलो. परंतु मिस्त्रींनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, खुंटीवरचा इस्त्रीचा सदरा घातला, झिजलेला बोल्ट खिशात टाकला आणि ते गाडीत माझ्या शेजारी येऊन बसले.

'चल क्रांती चौकात. जाब विचारू त्याला.'

निरपराध माणसावर मी आळ घेतला होता, आणि आता त्याचीच उलटतपासणी माझ्यासमोर होणार होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा खरे सांगून टाकण्याचा मी निश्चय केला. वळून पाहिले, तर मिस्त्री आरसा आपल्याकडे फिरवून भांग पाडीत होते. सिग्नल सुटला.

कुद्दूसभाई दारात बाकावर बसले होते. मिस्त्रींना पाहून ते अर्धवट उठले आणि तसेच थांबले. मिस्त्रींनी त्यांच्या तळहातावर बोल्ट ठेवला.

'हे तुझं काम. मास्तर म्हणतो.'

कुद्दूसभाईंनी चष्मा चढवला. त्यांनी बोल्ट फिरवून पाहिला, मग माझी पट्टी पाहिली. पन्नास वर्षे पाना धरलेल्या माणसाला त्या दोन गोष्टींचा संबंध लावायला कितीसा वेळ लागणार? मी शिव्या खाण्याची तयारी केली.

'हौ,' ते म्हणाले. 'मैंच टाइट करा था. गलती होगई, आसाराम. बैठ ना.'

मिस्त्री बाकावर बसले. मीही त्यांच्या शेजारी बसलो. कुद्दूसभाईंनी समोरच्या हॉटेलवाल्याला तीन बोटे दाखवली. आता मात्र मला राहवेना. खरे सांगण्यासाठी मी तोंड उघडले.

मिस्त्रींनी बाकाखाली माझ्या पायावर आपला पाय दाबून धरला, आणि चहा येईपर्यंत तो काढला नाही.